जो शेनला ठेवायचं की काढायचं? न्यूयॉर्क जायंट्सच्या जनरल मॅनेजरचा हिशेब

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलच्या NFL या लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्सने जानेवारी 2022 मध्ये जनरल मॅनेजर जो शेन आणि मुख्य कोच ब्रायन डेबॉल या दोघांना बफेलो बिल्स संघातून पाठोपाठ आणलं. नोव्हेंबर 2025 मध्ये डेबॉलला काढलं, शेनला मात्र ठेवलं. चार हंगामांत साखळीतले 22 विजय, 45 पराभव आणि 1 बरोबरी एवढीच कमाई असताना शेनची खुर्ची शाबूत राहणं योग्य आहे का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. शेनने नोकरी टिकावी एवढं काम केलेलं नाही. पण त्याला काढायची वेळ जानेवारी 2025 ची होती. ती हुकल्यावर नोव्हेंबरमध्ये त्याला काढून फारसं काही पदरात पडलं नसतं. जनरल मॅनेजर कधी बदलायचा हे विजय-पराभवाच्या तक्त्यापेक्षा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, जागेवरून ठरतं. ही जागा रिकामी असेल तर नव्या माणसाला मोकळी पाटी मिळते, आणि तिथे नुकताच निवडलेला तरुण बसला असेल तर नवा माणूस आल्या दिवसापासून दुसऱ्याने केलेली निवड सांभाळत बसतो.

एडिसन, जर्सी सिटीकडची मराठी मंडळी जायंट्सला घरचा संघ मानतात, कारण नाव न्यूयॉर्कचं असलं तरी मैदान न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला आहे. पण युरोपातल्या फुटबॉलची सवय असलेल्यांना हे पद चटकन कळत नाही. तिथला मॅनेजर संघ मैदानात उतरवतो. इथे ते काम मुख्य कोचचं. जनरल मॅनेजर 53 जणांचा ताफा आणि सराव संघ उभा करतो, दर एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये महाविद्यालयीन खेळाडू निवडतो, करार ठरवतो आणि हे सगळं पगाराच्या मर्यादेत, म्हणजे सॅलरी कॅपमध्ये बसवतो. 2022 मध्ये ही मर्यादा 20 कोटी 82 लाख डॉलर होती, 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. सर्व 32 संघांना ती सारखीच असल्यामुळे मालक कितीही श्रीमंत असला तरी चूक पैशाने झाकता येत नाही. चूक पुढच्या वर्षांच्या खात्यात जाऊन बसते.

म्हणून हिशेब करारांपासून, आणि करारांत क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सपासून सुरू करावा लागतो.

जोन्सला 2019 च्या ड्राफ्टमध्ये आधीचा जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमनने सहाव्या क्रमांकावर घेतलं होतं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात असतो. तो पर्याय वापरला की रक्कम पूर्ण हमीची होते. 2022 मध्ये शेनने तो नाकारला. 2023 साठी त्याची किंमत सुमारे 2 कोटी 24 लाख डॉलर होती. जोन्स मानेच्या दुखापतीतून येत होता आणि नव्या कोचने त्याला एकाही सामन्यात खेळवलेलं नव्हतं, त्यामुळे नाकारणं समजण्यासारखं होतं. तो हंगाम मात्र चांगला गेला. 9 विजय, 7 पराभव, 1 बरोबरी, शिवाय प्लेऑफमध्ये मिनेसोटाला त्यांच्याच मैदानावर 31-24 ने हरवलं. जोन्सने 3,205 यार्ड फेकले, 708 यार्ड धावून काढले आणि त्याने फेकलेला चेंडू फक्त पाचदा प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला.

त्याच हंगामाचा दुसरा आकडा कमी सांगितला जातो. जायंट्सने 365 गुण केले आणि 371 दिले. म्हणजे जिंकलेले सामने निसटते होते आणि गुणांच्या बेरजेत संघ तोट्यात होता. असा संघ पुढच्या वर्षी खाली येण्याचीच शक्यता जास्त, हे या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. मार्च 2023 मध्ये निर्णय घेताना हा आकडा शेनसमोर होता.

त्या वेळी पेच खरा होता. एका वर्षात संघाला एकच फ्रँचायझी टॅग लावता येतो, म्हणजे एकाच खेळाडूला ठरावीक रकमेवर एक वर्ष अडवून ठेवता येतं. इथे करार संपलेले दोन जण होते, क्वार्टरबॅक जोन्स आणि रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, सेक्वॉन बार्कली. क्वार्टरबॅकचा टॅग सुमारे 3 कोटी 24 लाखांचा, रनिंग बॅकचा 1 कोटी 91 हजारांचा. शेनने मुदत संपायला काही मिनिटं असताना जोन्सशी चार वर्षांचा 16 कोटी डॉलरचा करार केला आणि टॅग बार्कलीला लावला.

करारात दोन वर्षांनी बाहेर पडायची वाट होती, हा त्याचा बचाव. ती वाट किती महाग होती ते पाहा. 3 कोटी 60 लाख सही-बोनस खेळाडूला आधी मिळतो, पण कॅपच्या हिशेबात चार वर्षांवर सारखा पसरतो, म्हणजे वर्षाला 90 लाख. सप्टेंबर 2023 मध्ये जागा करण्यासाठी जोन्सच्या पगारातले 84 लाख 20 हजार बोनसमध्ये बदलले, तेही चार भागांत, वर्षाला आणखी 21 लाख 5 हजार. नोव्हेंबर 2024 मध्ये जोन्सला सोडलं तेव्हा 2025 आणि 2026 चे हप्ते शिल्लक होते, आणि ते दोन्ही एकदम 2025 वर आले: 2 कोटी 22 लाख 10 हजार. त्या वर्षीच्या मर्यादेचे जवळपास 8 टक्के अशा माणसासाठी, जो संघात नव्हता. गाडी विकून टाकल्यावरही तिचे हप्ते भरत राहण्यातलाच हा प्रकार. याला इथे डेड मनी म्हणतात.

आणि याहून मोठी चूक करारानंतरची आहे. जोन्स 2023 मध्ये सहा सामने खेळला, दोन टचडाउन फेकले, फेकलेले सहा चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी पकडले आणि लास वेगासमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्याच्यामागचा टायरॉड टेलरही तेव्हा जायबंदी होता, म्हणून मैदानात आला टॉमी डेव्हिटो, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. 2024 च्या ड्राफ्टआधी शेनने न्यू इंग्लंडकडे तिसरा क्रमांक मागून पाहिला, त्यांनी दिला नाही. मग सहाव्या क्रमांकावर मलिक नेबर्स हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, घेतला आणि क्वार्टरबॅकच्या रांगेत ड्रू लॉकला एका वर्षासाठी आणलं. नेबर्स उत्तमच निघाला, पहिल्याच वर्षी 109 झेल आणि 1,204 यार्ड. पण गुडघ्यातून सावरणारा जोन्स हीच संपूर्ण योजना होती. 2025 साठीची 2 कोटी 30 लाखांची रक्कम दुखापत झाली तर हमीची होणार होती, म्हणून 2-8 अशा स्थितीत त्याला बाकावर बसवावं लागलं. करारातलं एक कलम मैदानावरचा संघ ठरवू लागलं. हंगाम 3-14 वर संपला. त्यात सलग दहा पराभव, जायंट्सच्या इतिहासातली सर्वांत लांब माळ.

शेनचे समर्थक इथे फिलाडेल्फियाचा जनरल मॅनेजर हॉवी रोझमन याचं उदाहरण देतात. 2015 मध्ये त्याला बाजूला सारलं, परत आला आणि संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, दोनदा जिंकला. उदाहरण खरं आहे, लागू पडत नाही. रोझमननेही कार्सन वेंट्झला 2019 मध्ये चार वर्षांसाठी 12 कोटी 80 लाखांचा वाढीव करार दिला आणि तो फसला. पण 2020 च्या ड्राफ्टमध्ये, वेंट्झ पगारावर असतानाच, त्याने 53 व्या क्रमांकावर जेलन हर्ट्स घेऊन ठेवला होता. तेव्हा लोक हसले. पुढच्या वर्षी 3 कोटी 38 लाखांचं डेड मनी गिळून वेंट्झला विकलं, कारण दुसरा तयार होता. फसलेला करार प्रत्येकाच्या खात्यात सापडतो. जनरल मॅनेजर ओळखायचा तो करार फसायच्या आधी त्याने मागे काय उभं करून ठेवलं होतं यावरून. 2023 आणि 2024 मध्ये शेनने हर्ट्ससारखं कुणीच ठेवलं नव्हतं.

बार्कलीबद्दल मी बहुसंख्यांशी सहमत नाही. तो मार्च 2024 मध्ये फिलाडेल्फियाला गेला, तीन वर्षं 3 कोटी 77 लाख 50 हजारांवर, तिथे 2,005 यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. चाहत्यांचा सगळा राग याच निर्णयावर आहे. पण त्याच बार्कलीला जायंट्सच्या त्या वेळच्या ऑफेन्सिव्ह लाइनमागे, म्हणजे आक्रमणाला वाट करून देणाऱ्या पुढच्या फळीमागे, उभं केलं असतं तर 2,005 यार्ड झाले नसते. 2023 मध्ये या संघाच्या क्वार्टरबॅकना 85 वेळा पाडलं गेलं. लीगच्या इतिहासात एका हंगामात याहून जास्त सॅक फक्त 1986 च्या फिलाडेल्फियाने खाल्ले आहेत. रनिंग बॅकवर न खर्चता पाचव्या फेरीत टायरोन ट्रेसी घेणं हे धोरण म्हणून ठीकच होतं. खटकतं ते एवढंच की धोरण हेच होतं तर 2023 मध्ये टॅग कशाला वापरला?

माझ्या मते अधिक दोषी धरावा असा निर्णय सेफ्टीच्या, म्हणजे बचावात सर्वांत मागे उभं राहणाऱ्याच्या, जागेचा आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. 2023 मध्ये जुलियन लव्ह सिएटलला गेला. 2024 मध्ये झेवियर मॅकिनी ग्रीन बेला गेला, त्याच वर्षी प्रतिस्पर्ध्यांनी फेकलेले आठ चेंडू पकडले आणि लीगच्या सर्वोत्तम संघात आला. ती जागा भरायला शेनने 47 वा क्रमांक टायलर नुबिनवर घातला. तेवढ्याने भागलं नाही म्हणून 2025 मध्ये जेव्हॉन हॉलंडला तीन वर्षांसाठी 4 कोटी 53 लाख दिले. सेफ्टी महाग जागा नाही, तिच्यावर खर्च करायचा नाही, असं ठरवून दोन चांगले खेळाडू सोडले आणि मग एक ड्राफ्ट क्रमांक अधिक साडेचार कोटी त्याच जागेवर ओतले. एकाच जागेचे दोनदा पैसे भरणं ही या कारकिर्दीची खरी खूण आहे.

ड्राफ्टचं चित्र वर्षागणिक बदलतं. 2022 मध्ये हातात पाचवा आणि सातवा असे दोन सोन्याचे क्रमांक होते. पाचव्यावर एज रशर, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर चाल करणारा, केव्हॉन टिबडो: 2023 मध्ये साडेअकरा सॅक, त्याव्यतिरिक्त बरा, तारा नव्हे. सातव्यावर टॅकल, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकाला उभा राहणारा, इव्हान नील: निवड त्या दिवशी जवळजवळ सगळ्यांना पटली होती, म्हणून निवडीचा दोष मी निम्माच धरतो. उरलेला निम्मा दोष असा की पहिल्या वर्षी तो अडखळलेला दिसत असूनही 2023 ला उजवा टॅकल म्हणून पुन्हा त्यालाच उभं केलं आणि मागे नाव घेण्यासारखा माणूस ठेवला नाही. त्या 85 सॅकचं एक मूळ इथे आहे. त्या वर्षी दुसऱ्या फेरीत दोनदा मागे सरकून 43 व्या क्रमांकावर वॉनडेल रॉबिन्सन घेतला. तेव्हा टीका झाली, 2025 मध्ये त्याने हजार यार्ड ओलांडले. 2023 चा ड्राफ्ट सर्वांत वाईट: पहिल्या तीन फेऱ्यांतल्या तिघांपैकी फक्त सेंटर जॉन मायकल श्मिट्झ नियमित झाला, आणि ज्या दोघांसाठी जादा क्रमांक देऊन वर सरकले, ते कॉर्नरबॅक (प्रतिस्पर्धी रिसीव्हरला अडवणारा) डिऑन्टे बँक्स आणि रिसीव्हर जेलिन हायट, दोघेही फसले. वर सरकण्याचा धोका हाच असतो, निवड चुकली की दोन क्रमांक वाया जातात.

जमेच्या बाजूला ब्रायन बर्न्स ठेवावा लागतो. कॅरोलायनाला 2024 चा 39 वा क्रमांक आणि खालच्या फेरीतलं थोडंफार देऊन आणला, पाच वर्षांसाठी 14 कोटी 10 लाखांचा करार केला, आणि 2025 मध्ये त्याने 16.5 सॅक काढले. किंमत भारी, माल अस्सल. अँड्र्यू थॉमस आणि डेक्स्टर लॉरेन्स यांचे 2023 मधले वाढीव करारही योग्य वेळी झाले, पण ते दोघे गेटलमनच्या काळातले. तोट्याच्या बाजूला डॅरन वॉलर: 2023 मध्ये 100 वा क्रमांक देऊन आणला, एक हंगाम खेळला, जून 2024 मध्ये निवृत्त.

लहानसहान कामांतून माणूस अधिक कळतो, म्हणून किकरचं प्रकरण जरा उलगडून सांगतो. सप्टेंबर 2024, वॉशिंग्टनविरुद्ध दुसरा सामना. किकर ग्रॅहम गॅनोच्या जांघेचं दुखणं सामन्याआधीच्या दुखापत यादीत होतं. नियमाने सराव संघातले दोन खेळाडू सामन्यापुरते वर आणता येतात. किकर आणला नाही. गॅनो सामन्याच्या पहिल्याच किकऑफला जायबंदी झाला. जायंट्सने सहा-सहा गुणांचे तीन टचडाउन केले, वॉशिंग्टनने एकही नाही, तरी वॉशिंग्टन किकरच्या तीन-तीन गुणांच्या सात फील्ड गोलवर 21-18 ने जिंकलं. एकदा होऊ शकतं. पण ऑक्टोबर 2025 मध्ये डेन्व्हरला गॅनो पुन्हा बाहेर होता, बदली किकरने टचडाउननंतरचे दोन एकेरी गुण चुकवले आणि सामना 33-32 ने गेला. चौथ्या क्वार्टरला 19-0 ची आघाडी असताना 33 गुण देणं हे कोचच्या खात्यात जातं, शंकाच नाही. पण हरण्यातला तो एक गुण ताफा बांधणाऱ्याचा आहे. वर्षभर आधी ठेच लागलेल्या जागी पर्याय उभा न करणं हे जनरल मॅनेजरचं काम न झाल्याचं लक्षण.

आता वेळेचा मुद्दा. जानेवारी 2025 मध्ये काय होतं? जोन्स गेलेला, क्वार्टरबॅक कुणी नाही, ड्राफ्टमध्ये तिसरा क्रमांक, डेड मनीचा घाव एकाच वर्षाचा. नव्या जनरल मॅनेजरला याहून सोयीची सुरुवात मिळत नाही. मालक जॉन मॅरा आणि स्टीव्ह टिश यांनी शेन आणि डेबॉल दोघांनाही ठेवलं. नोकरी टांगणीला लागलेली जोडी अशा वेळी काय करते ते ठरलेलं असतं: एक उतारवयाचा क्वार्टरबॅक आणायचा, एक तरुण घ्यायचा, पुढचं तारण ठेवायचं. रसेल विल्सन आला. जेमिस विन्स्टन आला. ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर अब्दुल कार्टर घेतला आणि पुन्हा पहिल्या फेरीत शिरून 25 व्या क्रमांकावर जॅक्सन डार्ट. त्यासाठी ह्यूस्टनला 34 वा, खेळाडू गेल्याच्या भरपाईत मिळालेला 99 वा आणि 2026 ची तिसरी फेरी दिली.

गंमत अशी की शेनचा हाच ड्राफ्ट सर्वांत चांगला ठरतो आहे. डार्टने चौथ्या सामन्यापासून सूत्रं घेतली, पहिल्याच सामन्यात चार्जर्सला 21-18 ने हरवलं, दोन आठवड्यांनी फिलाडेल्फियाला 34-17 ने. 105 व्या क्रमांकाचा कॅम स्कॅटेबू आणि पाचव्या फेरीतला लाइनमन मार्कस म्बो हेही खेळाडू निघाले. पण चार्जर्सच्या त्याच सामन्यात नेबर्सचा गुडघा गेला, पुढे स्कॅटेबूचा घोटा, शिकागोत डार्टच्या डोक्याला मार, आणि 2-8 ला डेबॉल घरी. शेवट 4-13.

त्या दिवशी शेनलाही काढलं असतं तर? डार्टचा करार 2028 पर्यंत आहे, पाचव्या वर्षाचा पर्याय धरला तर 2029. चार वर्षांचे मिळून सुमारे 1 कोटी 70 लाख, म्हणजे जोन्सच्या एका वर्षाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. पुढची तीन वर्षं स्वस्त क्वार्टरबॅकची आहेत आणि संघ बांधायची खरी खिडकी तीच. नवा जनरल मॅनेजर पहिलं वर्ष स्काउटिंग विभाग लावण्यात घालवतो. जानेवारीत आला तरी एप्रिलचा ड्राफ्ट जुन्या स्काउटांच्या अहवालांवरच करतो. शिवाय डार्ट त्याने निवडलेला नाही. पुढच्या वर्षी घसरण झाली की आपला माणूस आणायचा मोह होतो आणि पुन्हा तेच चक्र. गेटलमनच्या चार वर्षांत 19-46 झालं होतं, त्याने मागे ठेवलेल्या जोन्सवर शेनची तीन वर्षं गेली. हे चित्र ताजं आहे.

जानेवारी 2026 मध्ये जॉन हारबॉला मुख्य कोच म्हणून आणल्यावर सत्तेचं गणितही बदललं. बाल्टिमोरला 18 हंगाम काढून सुपर बोल जिंकलेला कोच जनरल मॅनेजरने दिलेला ताफा निमूट स्वीकारत नाही. ताफ्याच्या मोठ्या निर्णयांत त्याचा शब्द चालणारच. त्यामुळे शेनला ठेवणं हे चार वर्षांचं बक्षीस समजू नये. करारांची आखणी आणि ड्राफ्टची यंत्रणा चालती ठेवायला एक जाणकार माणूस हवा, एवढाच त्याचा अर्थ. धोका उरतो तो वेगळ्या प्रकारचा: जनरल मॅनेजर पाचव्या वर्षात, कोच पहिल्या वर्षात. एकाला निकाल 2026 च्या हंगामातच हवा, दुसऱ्याकडे वेळ आहे. अशा वेळी जनरल मॅनेजर पुढच्या वर्षांचे क्रमांक उडवतो, 2026 ची तिसरी फेरी तशी आधीच गेली आहे. मालकांनी एकच अट घालावी: 2027 च्या पहिल्या दोन फेऱ्यांना त्यांच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही.

2026 च्या हंगामासाठी शेनला पारखायचं असेल तर विजय-पराभव सुरू व्हायची वाट पाहायची गरज नाही. मार्च 2026 मध्ये वॉनडेल रॉबिन्सन, कॉर्नरबॅक कॉर्डेल फ्लॉट, उजवा टॅकल जरमेन एल्युमनर यांचे करार संपतात. यातला कोण राहतो यापेक्षा जो जातो त्याची जागा कशाने भरली जाते हे पाहा. एल्युमनर गेला आणि त्या जागी पुन्हा भरवशावर एखादा कच्चा माणूस आला, तर नीलपासून काही शिकलेलं नाही. फ्लॉटला सोडून त्याच जागेवर बाहेरून अधिक महागडा कॉर्नर आला, तर सेफ्टीचीच गोष्ट पुन्हा. मे 2026 च्या सुरुवातीला बँक्सच्या पाचव्या वर्षाच्या पर्यायाची मुदत आहे, तो नाकारला पाहिजे, स्वतःची निवड म्हणून ओढत न्यायचा नाही. टिबडो 2026 मध्ये पर्यायाच्या वर्षात, सुमारे 1 कोटी 47 लाखांवर आहे. बर्न्स आणि कार्टर असताना तिसऱ्या एज रशरला मोठा करार देण्यात अर्थ नाही, त्याच्या बदल्यात वेळेत दुसरी फेरी मिळाली तर घ्यावी. आणि डार्टच्या मागे दोन नंबरचा क्वार्टरबॅक कोण, किकर कोण, हे ऑगस्ट 2026 च्या शेवटी 53 जणांची यादी लागेल तेव्हा वाचा.